पाच की सात

रविवारी सकाळी घरातली सगळी माणसं हाक न मारता हॉलमध्ये जमली, तेव्हाच ताईने ओळखलं की मामला नुसत्या रिसीव्हरचा नाही. आई आजारी होती तेव्हा तिला दवाखान्यात कोणी न्यायचं हे ठरवायलाही ही मंडळी कधी एका वेळी एका खोलीत सापडली नव्हती. तेव्हा थोरल्या भावाला कुठल्याशा चेपलेल्या मोटारीचा पंचनामा असायचा आणि धाकट्याची शिकवणी. आज मात्र थोरला अंघोळ करून, केस बसवून सोफ्याच्या कोपऱ्यात हजर होता, धाकट्याने शिकवणीच्या पोरांना परस्पर सुट्टी देऊन टाकली होती, आणि थोरल्याच्या बायकोने कुणी न सांगता सगळ्यांचा चहा टाकला होता. थोरलीने आपणहून चहा टाकला की बाईला काहीतरी हवं असतं, एवढं ताईला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

कारण तसं सगळ्यांना माहीत होतं. आदल्या संध्याकाळी, दर शनिवारी लावतात तसा सिनेमा लावला आणि अर्ध्यावर रिसीव्हरने मान टाकली. रिसीव्हर म्हणजे टीव्हीखालचं ते काळं, जड खोकं. सिनेमातला आवाज घेऊन हॉलमधल्या स्पीकरांना वाटून देतं. ते पूर्ण बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. पण मधल्या स्पीकरचा आवाज तेवढा गेला, आणि माणसांचं बोलणं नेमकं त्यातूनच येत होतं. पडद्यावर नवराबायको कडाकडा भांडत होते आणि हॉलमध्ये ऐकू येत होतं फक्त मागून जाणाऱ्या गाड्यांचं घरघरणं आणि व्हायोलिन. तरी सगळे शेवटपर्यंत बसून राहिले. समोरचं माणूस काय बोलतंय ते ऐकू न येणं ही या घराला काही नवी गोष्ट नव्हती.

ताईची कॉट सोफ्याच्या मागे, भिंतीला लागून होती. शनिवारचा सिनेमा ती कॉटवरूनच बघायची, सोफ्यावरच्या डोक्यांच्या मधून जेवढा दिसेल तेवढा. पूर्वी तिला स्वतःची खोली होती. थोरल्याच्या मुलाचं परीक्षेचं वर्ष आलं तेव्हा त्याला अभ्यासाला शांतता हवी म्हणून तिने कॉट हॉलमध्ये आणली. ‘तात्पुरती,’ असं तेव्हा थोरली म्हणाली होती. मुलगा पास झाला, इंजिनियर झाला, नोकरीला लागला, घरात सगळे त्याला इंजिनियरच म्हणू लागले, आणि कॉट हॉलमध्येच राहिली. ताईने तक्रार केली नाही. शर्टांच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून सगळा जन्म मशिनींच्या खडखडाटात काढल्यावर तिला आवाजाचं काही वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हॉल तिला आवडायचा. घरात कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं कॉटवर बसल्या बसल्या कळायचं.

चहाचे कप खाली ठेवल्यावर थोरल्याने घसा साफ केला. “तर मग, अण्णांच्या नियमाप्रमाणे सुरू करू.”

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. ओतकामाच्या कारखान्यात कामगार संघटनेचे चिटणीस होते आणि घरही त्याच थाटात चालवायचे. सगळ्यांच्या सामायिक वस्तूचा निर्णय घ्यायचा तर घरातल्या सगळ्यांचे हात वर आले पाहिजेत. एक हात जरी खाली राहिला तरी ठराव नापास. हात मोजायचे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने, आणि मोजून होईपर्यंत कुणी हात खाली घ्यायचा नाही. अण्णांची बाकीची शिकवण, म्हणजे खरं बोलावं, दुबळ्याच्या बाजूने उभं राहावं वगैरे, दोघा मुलांनी त्यांच्या जुन्या चपलांबरोबर टाकून दिली होती. हा नियम मात्र जिवापाड जपला होता. त्याचं कारण सोपं होतं. या नियमामुळे बहुतेक वस्तू घ्याव्याच लागत नसत आणि दोष मात्र हमखास दुसऱ्यावर ढकलता येई. ताई दोघा भावांहून मोठी, म्हणून अण्णांच्या माघारी मोजण्याचं काम तिच्याकडे आलं होतं.

इंजिनियरने लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडद्यावर दोन खोक्यांचे फोटो शेजारी शेजारी आले. दोन्ही काळी, दोन्हींच्या तोंडावर एक मोठी चकती. ताईला त्यात काडीचा फरक दिसला नाही.

“बजेट आपलं ठरलेलं आहे,” इंजिनियर म्हणाला. “त्यात दोनच नीट बसतात. हा पाच चॅनेलचा. नवा आहे, साधा आहे, कंपनीची हमी आहे. आणि हा सात चॅनेलचा. मागच्या वर्षीचं मॉडेल, दुकानात मांडून ठेवलेला पीस, म्हणून त्याच किमतीत देतोय. उद्यापर्यंत ठेवतो म्हणालाय.”

“मांडून ठेवलेला म्हणजे वापरलेला,” थोरला म्हणाला. तो विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान ठरवायचा, आणि जगातली प्रत्येक वस्तू त्याला कुठे ना कुठे ठोकलेलीच दिसायची. “घसारा किती धरला त्याने?”

“बाबा, रिसीव्हरला कसला घसारा?”

“घसारा सगळ्याला असतो.”

“पण पाच आणि सात म्हणजे काय, ते तरी सांग आधी,” धाकटी म्हणाली. धाकट्याची बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. दात उपटायचा असो की रिसीव्हर आणायचा असो, तिचा आवाज सारखाच गोड निघायचा.

“काकू, चॅनेल म्हणजे स्पीकर असं धर. पाचात समोर तीन आणि सोफ्याच्या दोन बाजूंना दोन. सातात आणखी दोन, पाठीमागे. मागूनही आवाज आला की सिनेमाच्या आत बसल्यासारखं वाटतं. मागचे दोन विकत घ्यायलाही नकोत. माझ्या जुन्या म्युझिक सिस्टिमचे पडून आहेत.”

“मग प्रश्नच मिटला,” धाकटा म्हणाला. त्याने दोन्ही हात पसरून हवेत एक मोठा गोल काढला, फळ्यासमोर काढतो तसा. “ध्वनी सर्व दिशांनी प्रवास करतो. त्याला पाचच दिशा देणं म्हणजे शास्त्राचा अपमान आहे. सातच घ्या.”

सात हा पाचापेक्षा मोठा असतो, एवढ्या एका आधारावर त्याने मत दिलं होतं. पण तो भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घ्यायचा, त्यामुळे घरात त्याच्या प्रत्येक वाक्याला फळ्यावर लिहिल्याची प्रतिष्ठा होती. ताईने त्याला लहानपणी पंख्याच्या वायरला हात लावून किंचाळताना पाहिलं होतं, तेव्हापासून त्याच्या शास्त्राबद्दल तिचं मत काही फारसं बदललं नव्हतं.

“मलाही सातच बरा वाटतो,” थोरली म्हणाली. “घ्यायचं तर पुढची दहा वर्षं बघून घ्यावं.”

ताईच्या भुवया वर गेल्या. थोरली बँकेत कॅशियर होती, आणि साबणाची झिजलेली वडी नव्या वडीला चिकटवून वापरणारी बाई होती. तिला पुढच्या दहा वर्षांच्या आवाजाचा पुळका कुठून आला?

थोरला अजून घसाऱ्यातच अडकला होता. “माझं मत पाचाला. नवी वस्तू ती नवी वस्तू.”

“अहो,” थोरली म्हणाली.

एवढंच म्हणाली. थोरल्याने तिच्याकडे बघितलं, मग चहाच्या रिकाम्या कपात बघितलं. “अर्थात, सातातही तथ्य आहे,” तो म्हणाला.

“मग मी नकाशा दाखवतो,” असं म्हणून इंजिनियरने बटण दाबलं. पडद्यावर हॉल आला, वरून बघितल्यासारखा. टीव्ही, सोफा, खिडकी, दार, सगळं अगदी मापात काढलेलं. स्पीकरांच्या जागी निळे गोल होते. त्यातले दोन सोफ्याच्या मागे, भिंतीलगत होते.

नकाशात कॉट नव्हती.

ताईने पुन्हा एकदा नीट बघितलं. कोपऱ्यातली कुंडी होती. चपलांचं कपाटसुद्धा होतं. जिथे ती झोपत होती तिथे दोन निळे गोल आणि मधे पांढरी मोकळी जागा. शर्टाची बाही उलटून आतली शिवण बघायची तिची जुनी सवय होती; वरून कापड कितीही गुळगुळीत असो, चोरी आत असते. ही शिवण तिला आता दिसली. पाच घेतला तर तिची कॉट राहणार होती आणि सात घेतला तर जाणार होती, आणि हे तोंडाने म्हणायची हिंमत एकातही नव्हती, म्हणून हा सगळा आवाजाचा थाट मांडला होता.

“मागचे दोन ठेवणार कुठे?” तिने विचारलं.

इंजिनियरने डोकं खाजवलं. धाकट्याने नकाशाकडे असं बघितलं, जणू हॉल त्याने आत्ताच पहिल्यांदा पाहिला. थोरली मात्र तयारीत होती. ती ताईच्या बाजूला सरकून बसली.

“ताई, मी तेच म्हणणार होते. तुमचीही इथे हॉलमध्ये गैरसोयच होते ना. दार वाजलं की तुमची झोप गेलीच. त्यापेक्षा ती बंद बाल्कनी आहे, तिथे कॉट छान बसेल. हवा येते, उजेड येतो.”

धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या काचा लावलेल्या बाल्कनीत त्याची शिकवणी चालायची. “वहिनी, तिथे माझा फळा आहे.”

“फळा हलतो, भावजी.”

“आणि मुलं? मुलं कुठे बसवू, छतावर?”

“हॉलमध्ये बसवा की दुपारी. तेव्हा कोण असतं इथे?”

“एक मिनिट,” धाकटी म्हणाली. आवाज अजून गोडच होता, फक्त धार लावलेला. “त्या बाल्कनीच्या काचांमधून वारा आत येतो. ताईंचे गुडघे आधीच दुखतात. थंडीत त्यांनी काय करायचं?”

ताईचे गुडघे गेली कित्येक वर्षं दुखत होते, आणि धाकटीने त्यांची चौकशी आज प्रथम केली. ताईला गुडघ्यांचाच हेवा वाटला.

“आपण जरा शास्त्रीय विचार करू,” धाकटा म्हणाला. “खोलीचा आकार बघता सात चॅनेल म्हणजे अतिरेक आहे. आवाज आवाजात मिसळतो. पाच हे आदर्श प्रमाण आहे.”

“आत्ता तर शास्त्राचा अपमान होत होता,” थोरली म्हणाली.

“मी सर्वसाधारण ध्वनीबद्दल बोलत होतो. हा हॉल विशिष्ट आहे.”

“शिवाय दुकानात मांडून ठेवलेला पीस,” धाकटीने जोड दिली. “किती जणांनी हाताळला असेल. दादा म्हणत होते तेच खरं, नवी वस्तू ती नवी वस्तू. हो ना, दादा?”

थोरल्याने रिकामा कप पुन्हा उचलला. एकीकडे भावजय त्याचंच वाक्य त्याच्या हातात परत देत होती, दुसरीकडे बायको त्याच्याकडे न बघता बघत होती. तो आयुष्यभर दोन गाड्यांच्या धडकेत चूक कुणाची ते ठरवत आला होता, पण स्वतः मधे सापडला की त्याला पार्किंगही सुचायचं नाही. 

“इंजिनियरच्या खोलीत नाही का कॉट बसणार?” धाकटीने विचारलं. “मोठी आहे ती. ताईंचीच होती ना पूर्वी?”

“त्याचं उद्या कुठे ठरलं तर?” थोरली ताडकन म्हणाली. “नव्या मुलीला आत्याबाईंसकट खोली देऊ का?”

“आई,” इंजिनियर म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

ताई उठली आणि कप गोळा करून स्वयंपाकघरात गेली. तिला कप धुवायचे नव्हते. तिला पाठ फिरवायची होती. नळ सोडला तोच पावलं वाजली. थोरली आत आली, ओट्यावरचं कोरडं फडकं उचलून आधीच स्वच्छ असलेली बरणी पुसू लागली.

“ताई, गैरसमज करून घेऊ नका. मी तुमच्या भल्याचंच बोलतेय.”

“माझं भलं मला कळतं गं. तुझं काय ते सांग.”

थोरलीने बरणी खाली ठेवली. “पुढच्या महिन्यात मुलीकडचे येतायत त्याला बघायला. दारातून आत आलं की पहिली दिसते ती कॉट. उशी, औषधाची बाटली, तुमचं पायाला लावायचं तेल. लोकांना वाटतं घरात जागा नाही. मुलगी देताना लोक जागा बघतात, ताई.”

“मग सरळ हेच बोलायचं होतंस. त्या बिचाऱ्या रिसीव्हरला कशाला राबवतेस?”

“सरळ बोलले असते तर तुम्हाला लागलं असतं.”

“आणि असं बोललीस ते लागलं नाही होय?”

थोरलीने फडकं ओट्यावर परत टाकलं. ताईला तिचा राग आला आणि थोडं बरंही वाटलं, कारण निदान या बाईने एक खरं वाक्य तरी तोंडातून काढलं होतं. थोरली बाहेर गेली, आणि जणू रांगेत नंबर लागल्यासारखा धाकटा आत आला. त्याने फ्रिज उघडला, आत बघितलं, बंद केला.

“ताई, तू पाचच म्हण. तुझा एक हात खाली राहिला की सात बाद.”

“का म्हणू?”

“का म्हणजे? बाल्कनी गेली तर माझी शिकवणी बसेल. वर्षाच्या मध्यात मुलांना कुठे नेऊ?”

ताई थांबली. तिने नळ बंद केला, हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवला होता. त्याच्या पहिल्या फळ्याचे पैसे तिच्या ओव्हरटाइममधून गेले होते. तो आणखी एक वाक्य बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली, आणि वाट बघतो आहोत याची तिला स्वतःचीच लाज वाटली.

“आणि हो,” धाकटा दारातून वळून म्हणाला, “तुलाही मग हलायला नको.”

ते वाक्य आलं ते असं, काठाला लटकून. ताई परत हॉलमध्ये आली तेव्हा तिचं डोकं तापलेलं होतं.

हॉलमध्ये तोवर दोन फळ्या पडल्या होत्या. सोफ्यावर थोरला आणि थोरली, समोरच्या खुर्च्यांवर धाकटा आणि धाकटी, आणि मधे लॅपटॉप मांडीवर घेऊन इंजिनियर. पाचवाले हमीबद्दल बोलत होते, सातवाले भविष्याबद्दल. कॉटचं नाव कुणीही काढत नव्हतं. तिच्यावर घडी घातलेली गोधडी होती आणि तिच्याकडे पाठ करून सगळे तिच्याचबद्दल भांडत होते.

“मला एक सुचतंय,” इंजिनियर म्हणाला. तो इतका वेळ स्क्रीनवर काहीतरी शोधत होता. “मागचे स्पीकर स्टँडवर ठेवायलाच पाहिजेत असं काही नाही. भिंतीवर लावता येतात. ब्रॅकेट मिळतात साधे. कॉटच्या वर दोन लावले की झालं. आत्याची कॉट हलवायला नको, काकांची बाल्कनी नको, आणि सात चॅनेलही मिळतील.”

मुलगा खरंच खूश झाला होता. गणित सुटलं म्हणून त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. धाकटा आणि धाकटी एकदम म्हणाले, “हे उत्तम.” धाकट्याला सात चॅनेलमधलं शास्त्रही लगेच पुन्हा दिसू लागलं.

“भिंतीला भोकं पाडायची?” थोरली म्हणाली.

“चार स्क्रू, आई.”

“नवीन रंग दिलाय भिंतीला.”

“भोक पडलं की भिंतीचं मूल्य उतरतं,” थोरला म्हणाला. त्याला अखेर आपल्या विषयातलं काहीतरी सापडलं होतं.

त्याच भिंतीवर घड्याळ होतं, कॅलेंडर होतं, थोरलीच्या बँकेने दिलेलं मानचिन्ह होतं, आणि एक खिळा तर नुसताच होता, त्यावर काहीच टांगलेलं नव्हतं. इंजिनियरने त्या खिळ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरला. एवढा शिकलेला मुलगा; आपल्या आईला नेमकं काय हवंय ते त्याला आत्ता कळलं.

“वहिनी, मग स्पष्टच बोला ना,” धाकटी म्हणाली. गोडवा पार आटला होता. “तुम्हाला भोकं नकोत असं नाही. तुम्हाला कॉट नकोय.”

“आणि तुम्हाला ती बाल्कनीत नकोय. तुम्ही कुठल्या मोठ्या लागून गेलात?”

“आम्ही निदान त्यांना हॉलमध्ये राहू द्या म्हणतोय.”

“फुकटात म्हणताय. तुमचं त्यात जातंय काय?”

दोघीही अगदी खरं बोलल्या होत्या. थोरला खिडकीबाहेर बघू लागला. धाकट्याने चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला. ताई कॉटच्या कडेला उभी होती. दोन बाजू होत्या, दोन्हीकडे माणसं होती, आणि ताई इथे राहावी ती ताई आहे म्हणून, असं म्हणणारं त्यात एकही नव्हतं. पाचवाल्यांनाही ती नको होती. त्यांना ती फक्त आपल्या दाराशी नको होती. आता रडू येणार असं तिला वाटलं. पण आलं ते रडू नव्हतं, शुद्ध संताप होता.

“रिसीव्हर राहू दे बाजूला,” ती म्हणाली. “मी एक ठराव मांडते.”

“कसला ठराव?” थोरला म्हणाला.

“ताईने या घरात राहावं. कुठल्या खोलीत, ते नंतर बघू. आधी राहावं की नाही, एवढंच. हात वर करा.”

“काहीतरीच काय बोलतेस,” धाकटा म्हणाला. “यावर कुणी हात मोजतं का?”

“सामायिक वस्तूवर मोजतात. अण्णांचाच नियम आहे. करा हात वर.”

आता हॉलमध्ये जे घडलं ते कुणाला सांगून पटलं नसतं, इतकं थोड्या वेळात घडलं. थोरल्याचा उजवा हात सोफ्यावरून जरासा उचलला आणि बायकोच्या चेहऱ्याचा अंदाज येईपर्यंत तिथेच तरंगत राहिला. थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटीने नवऱ्याकडे. धाकट्याने बंद बाल्कनीच्या दाराकडे बघितलं. प्रत्येक जण मनातल्या मनात कॉट उचलून दुसऱ्याच्या खोलीत ठेवून बघत होता. इंजिनियरने हात वर केला खरा, पण आईचा अजून खाली आहे हे दिसताच तो कान खाजवायला नेला. कारखान्यात चाळीस बायकांच्या हातांवर नजर ठेवलेली ताई उभी राहून हे बघत होती, आणि कुठला हात कशासाठी अडलाय ते तिला सांगावं लागत नव्हतं.

मग थोरल्याला लाज वाटली असावी. त्याने हात वर केला. तो वर गेला म्हणताच धाकट्याचा गेला, त्याच्या मागून दोघी बायकांचे, आणि कानाजवळचा इंजिनियरचाही. पाच हात वर होते आणि पाचही चेहऱ्यांवर सुटल्याचा भाव होता.

“बघ, सगळ्यांचे आहेत,” धाकटा म्हणाला. “उगाच मनाला लावून घेतेस.”

ताईने मोजायला सुरुवात केली. घाई केली नाही. एकाच्या हातासमोर उभी राहिली, मग पुढच्याच्या. थोरल्याचा खांदा भरून आला, त्याने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. नियम होता, मोजून होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही.

“एक हात खाली आहे,” ताई म्हणाली.

सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे बघितलं. “कुणाचा?” थोरलीने विचारलं.

“माझा. ठराव नापास. घ्या हात खाली.”

थोडा वेळ कुणी हात खाली घेतलेच नाहीत. मग थोरला म्हणाला, “पण तू तर मोजणारी. मोजणाऱ्याचं मत धरतात का?”

घर सोडून निघालेल्या बहिणीला अडवायचं सोडून त्याने आधी नियम काढला. ताईला हसू आलं. “अण्णा मोजायचे तेव्हा अण्णांचाही हात असायचा. विसरलास?”

“असं नका ना करू, ताई,” धाकटी म्हणाली आणि तिचे डोळे भरलेही. तिचे डोळे कुठेही भरायचे. “कुठे जाणार तुम्ही?”

“मागच्या रस्त्याला बटणांचं दुकान आहे ना, त्याच्यावर खोली रिकामी आहे. मागे बटणं आणायला गेले तेव्हाच बघून आलेय मी. खिडकी आहे, नळ आहे, कॉट बसते.”

“लोक काय म्हणतील?” थोरली म्हणाली.

“म्हणतील, घरात जागा भरपूर आहे.”

इंजिनियर मान खाली घालून लॅपटॉपची कड चाचपत होता. “आत्या, मी तुझी खोली परत देतो,” तो म्हणाला, इतक्या हळू की ते त्याच्या आईला ऐकू जाऊ नये. पण थोरलीचे कान तिखट होते. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि मुलाचं पुढचं वाक्य जिथे होतं तिथेच राहिलं.

“भाडं?” थोरल्याने विचारलं. “भाड्याचं काय?”

“माझी पेन्शन आहे. तुम्हाला काही पडणार नाही.”

“नाही, तसं नाही, मी आपलं विचारलं.” तो सोफ्यावर मागे टेकला. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं ते ताईला स्पष्ट दिसलं, आणि ते ओझं आपण होतो हेही. लहानपणी हाच भाऊ तिच्या पाठीवर बसून शाळेत जायचा. ती कॉटवर बसली आणि गोधडीची घडी उगाचच मोडून पुन्हा घातली.

पडद्यावर हॉलचा नकाशा तसाच होता, दोन निळ्या गोलांच्या मधे मोकळी जागा सोडून. आता तो नकाशा चुकीचा नव्हता.

शेवटी थोरल्यानेच घसा साफ केला. “नाही म्हणजे, दुकानदार तो पीस उद्यापर्यंतच ठेवणार आहे,” तो म्हणाला. “तेव्हा ते एक ठरवून टाकलेलं बरं.”

ताईने वर बघितलं. एकाने तरी त्याला गप्प बस म्हणावं एवढा वेळ तिने जाऊ दिला. धाकटीने डोळे पुसले. थोरलीने रुमालाची घडी केली. धाकटा नकाशाकडे बघत होता.

“ठरवा की,” ताई म्हणाली. “माझा हात आता धरू नका. सात घ्यायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

पाचही हात एकदम वर आले. या वेळी कुणी कुणाकडे बघितलं नाही.